कणकेचा हात

गोदातीर नगरातले सगळे पंखे रोज दुपारी एकाच क्षणी मंदावत असत. नांदेडबाहेर, गोदावरीच्या उंच काठावर उभ्या राहिलेल्या या मनोऱ्यांच्या वसाहतीत पंख्याचा वेग कुणी आपल्या हातानं ठरवत नसे. तो ‘तेजोजाल’ कंपनीचा गणकमेंदू ठरवी. उन्हाचा तडाखा वाढला, विजेची ओढ वाढली, की आज्ञा सुटे आणि घराघरातले दिवे निम्म्यावर, पंखे पावावर येत. कंपनी त्याला ‘समभार’ म्हणे. वसाहतीतली म्हातारी माणसं त्याला जे म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

शैलजा मुखेडकर गेल्या, त्या दिवसापासून मात्र पंखे मंदावलेच नाहीत.

आधी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. सुखाची तक्रार करायला कोण जातं? दुसरी एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली. प्रत्येक घरात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात एक लहानसा दिवा होता. तो आपोआप लागला होता आणि काही केल्या मालवत नव्हता. कळ दाबली की अंधार व्हायचा, बोट उचललं की पुन्हा उजेड.

शैलजाबाईंच्या घरात ही तक्रार नव्हती. तिथे तो दिवा लागलेलाच हवा होता. आतल्या खोलीत, जिथे त्यांनी शेवटचा श्वास घेतला त्या जागी, पिठाच्या पातळ थरावर टोपली उपडी घातली होती आणि वर कोपऱ्यातला दिवा जळत होता. त्यांची मुलगी वसुधा भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसे. ती सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नलांची तपासणी करायची. लाल कुठे, हिरवा कुठे, कुणाच्या आज्ञेनं कोण बदलतं, यात तिची वीस वर्षं गेली होती. पण या दिव्याबद्दल तिनं एकदाही विचार केला नव्हता. आई गेल्यावर विचार करायच्या गोष्टींची रांगच निराळी लागते.

त्या सकाळी दारात उदयन कुलथे उभे राहिले. तेजोजालचे मुख्य जालतज्ज्ञ. पंधरा वर्षांपूर्वी ते शैलजाबाईंच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी टोपलीपुढे हात जोडले, वसुधाच्या मालूमावशीनं दिलेलं पाणी प्यायलं आणि मग खिशातून तळहाताएवढं एक उपकरण काढलं.

“वसुधाताई, वेळ चांगली नाही, मला कळतं. पण वसाहतीच्या जाळ्यात बिघाड आहे आणि त्याचं मूळ या घरात आहे.”

“कसला बिघाड?”

“या घरात कुणीतरी कळेवर बोट ठेवून उभं आहे.” ते उपकरणाकडे बघत म्हणाले, “मॅडम गेल्या त्या संध्याकाळपासून. एकदाही उचललेलं नाही.”

वसुधानं खोलीभर पाहिलं. कुलथ्यांनीही पाहिलं. त्यांची नजर शैलजाबाईंच्या फोटोवर थबकली आणि त्यांनी ती घाईनं वळवली.

“इथे तर कुणी नाही,” वसुधा म्हणाली.

“अगं मी ठेवलंय ना!” स्वयंपाकघरातून मालूमावशीचा आवाज आला. शैलजाबाईंची ही धाकटी बहीण मुखेडहून आली होती आणि आल्यापासून तिनं घराचा ताबा घेतला होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली. “दिवा ठेवावा लागतो की नाही? दिवस होईपर्यंत जाऊ द्यायचा नसतो. पहिल्या दिवशी समई लावली, तर तुमच्या त्या छतातल्या धूरपारख्यानं फवारेच सोडले अंगावर. भटजी भिजले, पीठ भिजलं, मी भिजले. मग म्हटलं, हा भिंतीतला दिवा तर हाय. ह्यालाच समई समजू. पण येणारा-जाणारा बटण दाबणार, लेकरं दाबणार. म्हणून त्या भिजलेल्या पिठाचाच गोळा केला आणि बटण दाबून वरून लिंपून टाकला.”

कुलथे कोपऱ्यात गेले. कळेवर कणकेचा गोळा होता, मावशीच्या अंगठ्याच्या ठशासकट वाळलेला. त्यांनी नखानं टोकरून पाहिलं. दगड.

“कणीक,” ते म्हणाले. आणि त्यांना हसू आलं. सुतकाच्या घरात हसू नये म्हणून त्यांनी ते खोकल्यात दडवलं. “अख्खं गोदातीर नगर कणकेच्या एका गोळ्यानं धरून ठेवलंय!”

“मला नीट सांगा,” वसुधा म्हणाली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काही समजून घ्यावंसं वाटलं होतं.

कुलथे जमिनीवरच मांडी घालून बसले. शिकवायची सवय त्यांना शैलजाबाईंकडूनच लागली होती.

“मॅडमनी जोडकळा बनवल्या, हे तुम्हाला माहीत आहे. या कळांना मालक नाही. भिंतीतली प्रत्येक कळ शेजारच्या कळेशी बोलते, ती पुढच्या कळेशी. नियम एका जागी लिहिलेले नाहीत, सगळ्या कळांत मिळून राहतात. एक कळ बदलली, तर शेजारच्या कळा नव्या कळेला जुने नियम शिकवतात. वीज तोडली तरी चालतात, कारण प्रत्येकीत चिमुकला वीजसाठा आहे. मॅडम त्याला शिदोरी म्हणायच्या.”

“आणि कळेवरचा हा हात?”

“तो मॅडमचा पहिला नियम. हस्ताधिकार. जोवर माणसाचं बोट कळेवर आहे, तोवर लांबून आलेली कुठलीही आज्ञा जाळं ऐकत नाही. बोट उचललं, की ऐकायला लागतं.”

वसुधाला जिनिंगची गिरणी आठवली. आईनं तिला ती गोष्ट एकदाच सांगितली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी शैलजाबाई कापसाच्या एका गिरणीत होत्या. एक कामगार यंत्र थांबवून त्यात अडकलेला कापूस काढत होता. एक हात थांबवायच्या बटणावर, दुसरा आत. वर कचेरीत कुणाला तरी वाटलं, यंत्र का बंद आहे? त्यानं तिथून चालू केलं. आई एवढंच म्हणाली होती, ‘थांबवणारा तिथे उभा होता, चालवणारा लांब होता. यंत्रानं लांबच्याचं ऐकलं.’ पुढचं तिनं सांगितलं नव्हतं आणि वसुधानं विचारलं नव्हतं.

“म्हणून पंखे मंदावत नाहीत,” ती म्हणाली. “इथे हात आहे, त्यामुळे तुमची समभाराची आज्ञा कुठेच चालत नाही.”

“बरोबर. आणि हाताखालचा दिवा लागलेला आहे, म्हणून त्याच्याशी जोडलेला प्रत्येक घरातला कोपऱ्यातला दिवाही लागलेला आहे.”

“घराघरातले दिवे एकमेकांशी का जोडले? आई तसं करणार नाही.”

“त्यांनी नाही केलं. आम्ही केलं.” कुलथे जरा चाचरले. “घरं वेगवेगळी असली की आज्ञा वेगवेगळ्या पाठवाव्या लागतात. सगळी एका दावणीला बांधली, की एका आज्ञेत काम.”

“आणि शेजारच्यानं आपल्या घरात बोट ठेवलं तर? दोन हात झाले तर?”

“तर जवळचा हात जिंकतो. प्रत्येक कळ मोजते, कुठला हात कमी सांध्यांवर आहे, म्हणजे मधे किती कमी कळा ओलांडाव्या लागतात. हा मॅडमचा दुसरा नियम. पण तो कधी वापरातच आला नाही हो. दिवसभर बोट लावून कोण उभं राहतं?” त्यांनी उपकरण मिटलं. “मुद्द्यावर येतो. कंपनीनं ठरवलंय, हस्ताधिकार काढून टाकायचा. या बिघाडानं सिद्धच झालं की तो धोक्याचा आहे. पुसणीची आज्ञा तयार आहे. एकदा गेली की सगळ्या कळांतून एकाच वेळी हा नियम पुसला जाईल. सगळ्याच विसरल्या, तर कुणी कुणाला परत शिकवू शकणार नाही.”

“मग पाठवा की.”

“पाठवली. परवा आणि काल. जात नाही.” त्यांनी कणकेकडे बोट केलं. “हात आहे ना.”

वर पंखा पूर्ण वेगानं फिरत होता.

“उखडून टाका मग कळ,” वसुधा हलक्या आवाजात म्हणाली.

“मॅडमना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता,” कुलथे म्हणाले. “हाताखालची कळ तुटली, की जाळं समजतं माणूस चिरडला गेला. आणि सगळं थांबवतं. गोदातीर नगरातला एकूण एक दिवा, पंखा, पाण्याचा पंप. नाही ताई, हा हात कुणीतरी सावकाश, आपण होऊन उचलायला हवा. घरच्या माणसानं.”

“दिवस व्हायच्या आधी?” मावशी कडाडली. “दिवा घालवायला सांगता? काय शिकवलं माझ्या बहिणीनं तुम्हाला?”

“मावशी, उन्हाळा माथ्यावर आलाय. रोहित्रं तापतायत. दवाखान्याला वीज पुरवायची तर कुठून तरी काढावीच लागते.”

“मग मागा,” वसुधा म्हणाली. “घरोघरी विचारा, दवाखान्यासाठी तासभर पंखा कमी कराल का. नाही कोण म्हणेल?”

“एवढ्या लोकांना विचारत बसायचं?”

“आईनं त्यासाठीच तर केलं हे.”

कुलथे हलकेच म्हणाले, “तुम्ही नाही उचललात, तर कंपनी दुसरी माणसं पाठवील. ती मॅडमना ओळखत नसतील. विचार करा.” ते उठले, चपला घातल्या आणि सवयीनं म्हणाले, “येतो उद्या.”

“सुतकाच्या घरातनं येतो म्हणू नये!” मावशी म्हणाली. “एवढंही ठाऊक नाही, आणि चाललेत नियम पुसायला!”

ते गेल्यावर वसुधानं कणकेच्या गोळ्यावर बोट ठेवलं. कणीक गार होती. तिला वाटलं, राहू दे असंच. येऊ देत कंपनीची माणसं. या गोळ्याखाली आईचा शब्द आहे आणि तो मी उचलणार नाही. आई गेल्यापासून हातापायांतून गेलेलं काहीतरी परत आल्यासारखं तिला वाटलं. राग असेल. पण त्याच्या आधारानं उभं राहता येत होतं.

तेवढ्यात शेजारच्या शमीमआपा आल्या. शैलजाबाईंची आणि त्यांची भिंत एक होती आणि अकरा वर्षांची ये-जा होती. आजारपणात पेज त्यांच्याच घरून यायची.

“वसू बेटा, एक सांगू का? राग नको मानू. तो कोपऱ्यातला दिवा आमच्याकडे पण लागलाय. सुनेचं बाळ झोपतच नाही उजेडात. बिचारी बटणावर बोट ठेवून उभी राहते, अंधार होतो, बाळाचा डोळा लागतो. जरा बोट उचललं की दिवा भक्क! बाळ पुन्हा ट्यँ करतं. तीन रात्री झाल्या, उभ्याउभ्या पेंगते पोरगी. माझा मुलगा म्हणतो, अम्मी, मी तिला हातात मेहंदी लावून भिंतीला चिकटवतो.”

मावशीला हसू फुटलं. वसुधा मात्र हसली नाही.

तिनं आपला रागच तपासायला घेतला, सिग्नल तपासावा तसा. आईनं हा नियम कशासाठी केला? लांबच्यानं जवळच्यावर हुकूम चालवू नये म्हणून. आणि मी इथे दगडासारखा एक हात धरून बसले आहे, आणि भिंतीपलीकडे एक बाळंतीण उभ्याउभ्या पेंगते आहे. तिच्या खोलीपुरती मीच आता कचेरीतलं लांबचं माणूस झाले. हा हात उचलायलाच हवा.

पण उचलला, की पुसणी जाणार. मग कधीच कुणाचा हात चालणार नाही.

“आपा,” ती एकदम म्हणाली, “सुनेनं बोट ठेवलं की अंधार होतो?”

“तेच तर सांगते.”

“मालूमावशी, घरात कणीक किती आहे?”

“आता ह्या वेळेला पोळ्या?”

“पोळ्या नाहीत,” वसुधा म्हणाली. “हात करायचेत.”

दुपारी मावशी परात घेऊन निघाली. सुतकातल्या बाईनं लोकांच्या घरी जाऊ नये, म्हणून ती प्रत्येक दाराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत शमीमआपा गेल्या. वसुधानं त्यांना एवढंच सांगायला सांगितलं होतं, ‘कोपऱ्यातला दिवा हवा तर लावा, नको तर मालवा. पण बटण दाबलेलं ठेवा आणि वर कणीक लिंपा. तुमच्या घरात मग तुमचंच चालेल. पंखाही कुणी लांबून कमी करणार नाही. दवाखान्यासाठी वीज लागली तर कंपनी तुम्हाला विचारायला येईल, तेव्हा मात्र आपण होऊन हात उचला.’

बातमी जिन्यानं वर गेली आणि उद्वाहकानं खाली आली.

“बाजरीचं पीठ चालतं का हो मावशी?” तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

“बाजरी तडकते! गव्हाचंच घ्या. आणि घट्ट मळा, पोळीसारखं सैल नको.”

“आमच्याकडे मैदा हाय!”

“मैदा तर फारच छान. तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत निघायचा नाही.”

निवृत्त तहसीलदार वाघमारे काठी टेकत स्वतः खाली आले. त्यांनी परातीतून गोळा उचलला, वास घेतला आणि म्हणाले, “चाळीस वर्षं लोकांना माझ्या टेबलापुढे ताटकळत ठेवलं. आता कंपनीचा साहेब माझ्या दारात उभा राहणार. दे बाई, दोन गोळे दे. न्हाणीघरातल्या कळेला पण लावतो.”

संध्याकाळपर्यंत शेजारच्या मनोऱ्यांतही कणीक भिजली होती. उन्हाळा नांदेडचा होता. रात्र पडायच्या आत सगळ्या गोळ्यांचा दगड झाला.

दुसऱ्या दिवशी कुलथे आले तेव्हा वसुधा केस विंचरून, कोरी साडी नेसून बसली होती.

“मी विचार केला,” ती म्हणाली. “तुमचं एक खरं आहे. या एका हातानं शेजाऱ्यांना त्रास झाला. मी उचलते.”

कुलथ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी थोडं वाईटही वाटलं. दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मावशीनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. रात्री तिची आणि वसुधाची याच्यावरून कडाक्याची बोलाचाली झाली होती. ‘शेजारच्या घरी बाळ आहे, मावशी. तिथे अंधारच हवा. जवळचा हात तो. आपण उचललं की आपला दिवा त्यांच्यासारखा होणार, म्हणजे जाणार. नियम आहे तो, आईचाच,’ वसुधा म्हणाली होती. ‘मग पुन्हा दाबू की आपण,’ मावशी म्हणाली. ‘नाही. उचलीन म्हटल्यावर उचलायचं. लगेच दुसरा चिकटवला तर ती फसवणूक.’ मावशी मग पाठ फिरवून झोपली होती.

वसुधानं कणकेभोवती ओलं फडकं धरलं. गोळा सुटायला वेळ लागला. आईनं ही कळ हजारदा दाबली असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते तिथेच ठेवलं. फडक्याखाली कणीक मऊ झाली. तिनं ती दोन बोटांनी अलगद काढली. कळ वर आली. बारीकसा आवाज झाला.

तिनं डोळे मिटून घेतले. दिवा जाताना तिला बघायचा नव्हता.

“आज्ञा पाठवतो,” कुलथे म्हणाले.

उपकरण गुणगुणलं. थांबलं. पुन्हा गुणगुणलं.

“हे काय?” ते म्हणाले. “नाकारली. हात आहे म्हणतंय. चौथा मजला. सहावा मजला. समोरचा मनोरा…” त्यांचा अंगठा काचेवर सरकत राहिला आणि नावं संपेनात. “बेग. वाघमारे. वाघमारे पुन्हा, न्हाणीघर. सरदार कुलवंतसिंग. बोईनवाड… ताई, हे सगळे लोक बोट लावून उभे आहेत?”

“तुम्हीच म्हणालात, दिवसभर कोण उभं राहतं,” वसुधा डोळे मिटूनच म्हणाली. “उभं राहणारं काहीतरी शोधलं मावशीनं.”

“पण तुम्ही शब्द दिला होता!”

“तो पाळला. माझा हात उचलला. त्यांचे हात त्यांचे आहेत. एक हात तुम्ही येऊन उचलायला लावलात. आता प्रत्येक दारात जा आणि विचारा. उखडू मात्र नका. का ते तुम्हीच सांगितलंय.”

कुलथ्यांनी उपकरण खिशात टाकलं. त्यांच्या आवाजात आता कंपनी नव्हती.

“परीक्षेत मॅडम असंच करायच्या. उत्तर आपल्याच तोंडून काढून घ्यायच्या, आणि मग म्हणायच्या, आता हेच लिही.”

त्यांनी टोपलीपुढे हात जोडले. या वेळी जाताना ते ‘येतो’ म्हणाले नाहीत. चपला घातल्या आणि उद्वाहकाऐवजी जिन्याकडे वळले. पहिलं दार वाघमाऱ्यांचं होतं.

“वसू,” मावशीचा आवाज वेगळाच आला. “डोळे उघड की गं.”

कोपऱ्यातला दिवा जळत होता.

वसुधा कळेकडे बघत राहिली. कळेवर हात नव्हता. म्हणजे ही कळ सगळ्यांत जवळच्या हाताचं ऐकत होती. सगळ्यांत जवळचा हात एका सांध्यावर होता, भिंतीच्या पलीकडे. आणि तिथे तर अंधार हवा होता.

ती उठून शेजारी गेली. शमीमआपांच्या आतल्या खोलीत लख्ख उजेड होता. खोली रिकामी होती. कळेवर कणकेचा मोठा गोळा बसवला होता आणि त्यावर चार बोटांचे ठसे होते.

“बाळ कुठाय?” तिनं विचारलं.

“बैठकीत झोपलंय, पाळणा तिकडे नेला,” शमीमआपा तांदूळ निवडत म्हणाल्या. मान वर केली नाही. “दिवस होईपर्यंत जाऊ द्यायचा नसतो म्हणे ना दिवा? तू उचलणार म्हणालीस. मग कुणीतरी धरायला नको?”